जुन्या बाजारातला रेकॉर्डचा रंधा घ्यावा की नवा कोरा? पटाशा, पक्कड, पाने यांचंही सांगा

वैदेही_धायरी

नमस्कार मंडळी. गच्चीवर थोडंफार सुतारकाम करते. आतापर्यंत प्लायवूडवर भागत होतं. आता ओळखीच्यांचा वाडा पाडला, त्यातल्या सागाच्या तुळयांचे तुकडे मिळालेत. त्यांचं एक बाकडं आणि दोन चौरंग करायचे मनात आहे. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, त्यामुळे मशीन नको, सगळं हातानेच करायचं ठरवलंय.

रविवारी जुन्या बाजारात गेले होते. एका चादरीवर लोखंडी रंधा दिसला. लिव्हर कॅपवर, म्हणजे पातं दाबून धरणाऱ्या वरच्या झाकणावर, कंपनीचं नाव रेकॉर्ड, अंगावर नंबर 05, मेड इन इंग्लंड. निळा रंग अर्धा उडालाय, तळाला गंज आहे आणि मागच्या मुठीचं टोक तुटलंय. अडीच हजार सांगितले, दोन हजारांपर्यंत येईल असं वाटतं. त्याच्याकडेच मार्पल्सच्या दोन पटाशा होत्या, एक चार सुताची (अर्ध्या इंचाची) आणि एक इंची. दोन्हींच्या मुठी चिरलेल्या. नंतर बोहरी आळीत विचारलं, तर नवा देशी लोखंडी रंधा साधारण त्याच भावात मिळतोय, खोक्यात पॅक. परदेशी नवे रंधे ऑनलाइन पाहिले, ते माझ्या आवाक्यातले नाहीत.

शिवाय घरात एक धड पक्कड नाही आणि स्कूटरसाठी पाने हवेत. जुन्या बाजारात पान्यांचा ढीग पडला होता, जाडजूड आणि इंग्लंडचे शिक्के असलेले. सगळं मिळून दहा हजारांत बसवायचंय.

जुनं ते चांगलं, हे सरसकट खरं आहे का? आणि नाव बघून घ्यायचं की आणखी काय बघायचं?

बुलेटवाला_मिरज

ताई, रंध्यातलं मला कळत नाही. पण पान्यांचा ढीग सोडून द्या, हे मी ठामपणे सांगतो. त्या इंग्लिश पान्यांवर 3/8 W किंवा BSF, म्हणजे व्हिटवर्थ वगैरे जुन्या इंग्लिश मापांचे, असे आकडे असतील. तो आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या दांडीचा असतो. 3/8 W चं तोंड मोजलंत तर जवळपास 18 मिलिमीटर भरेल. तुमच्या स्कूटरला 8, 10, 12, 14, 17 असे मेट्रिक पाने लागतात. जवळपास बसतोय म्हणून व्हिटवर्थचा पाना लावला आणि जोर दिला की बोल्टचे कोपरे गोल झालेच, आणि मग तो काढायला छिन्नी घ्यावी लागते.

माझ्या जुन्या बुलेटला व्हिटवर्थ लागतात म्हणून मी ते शोधत फिरतो. तुम्हाला त्यांचा काही उपयोग नाही. जुन्यातच घ्यायचे असतील तर गेडोर इंडिया असा शिक्का आणि मेट्रिक आकडे बघा. जर्मन गेडोरच्या सहकार्याने इथे बनलेले ते पाने अजून गॅरेजमध्ये चालताना दिसतात. नाहीतर तापारियाचा नवा क्रोम व्हॅनेडियमचा सेट घ्या, एका बाजूला फिक्स आणि दुसऱ्या बाजूला रिंग असलेला. स्कूटरला तो जन्मभर पुरेल.

टूलरूम_सातपूर

वैदेहीताई, प्रश्न फार चांगला मांडलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझी नोकरी सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये झाली, आणि सुतारकाम घरचंच आहे.

जुनं की नवं, हे नावावरून ठरवू नका. प्रत्येक अवजार हातात घेऊन एकच विचारा: यातलं झिजतं काय, आणि झिजलेलं बदलता किंवा परत घडवता येतं का? रंध्यात पातं झिजतं. ते घासता येतं, संपलं तर दुसरं घालता येतं. बाकीचा रंधा म्हणजे बिडाचं ओतकाम, ते पन्नास वर्षांत झिजत नाही. उलट नवं ओतकाम नीट मुरलं नसेल तर मशिनिंगनंतरही थोडंफार वाकतं. जुन्याला जे वाकायचं होतं ते केव्हाच वाकून झालंय, तुम्ही आज सपाट केलंत की पुढच्या वर्षीही सपाटच सापडेल. पकडीचं याच्या नेमकं उलट. तिथे जबड्याचे दात, कापायची धार आणि मधली रिबिट झिजते, आणि तेवढं सोडलं तर पकडीत उरतं काय? म्हणून रंधा, पटाशी, करवत जुनी चालते. पक्कड, पाने, स्क्रू ड्रायव्हर नवेच घ्यावेत.

आता तुमचा रेकॉर्ड 05. हा नमुना मुळात अमेरिकेतल्या लिओनार्ड बेलीचा, त्याचे हक्क स्टॅनलीने 1869 मध्ये घेतले. पुढे इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रेकॉर्डने 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच घडणीचे रंधे काढले आणि नंबराच्या आधी शून्य लावलं. स्टॅनलीचा 5 तो रेकॉर्डचा 05. लांबी साधारण 14 इंच, पातं दोन इंची. बाकड्याच्या फळ्यांना पहिला रंधा म्हणून हाच योग्य. 04 लहान पडतो आणि 07 गच्चीवर एकटीने रेटायला जड जाईल.

पुढच्या बुधवारी किंवा रविवारी जाल तेव्हा सोबत रंध्याच्या तळाहून लांब स्टीलची पट्टी आणि एक स्क्रू ड्रायव्हर न्या. विक्रेत्याला विचारून रंधा तिथेच खोला. चांगला विक्रेता नाही म्हणत नाही.

आधी लिव्हर कॅप आणि पातं काढून तळाचं तोंड बघा, म्हणजे पातं जिथून बाहेर डोकावतं ती फट. तिच्या दोन्ही कोपऱ्यांपासून केसाएवढी चीर बाजूच्या भिंतीकडे गेलेली दिसली तर रंधा परत चादरीवर ठेवा, कितीही स्वस्त असला तरी. बीड पडलं की तडकतं आणि तडा बहुतेक तिथूनच जातो. गंजामुळे डोळ्याला दिसत नसेल तर रंधा दोन बोटांत सैल लटकवून बोटाच्या पेराने टिचकी मारा. धड बीड टणकन वाजतं, तडकलेलं बद्द.

मग फ्रॉगच्या (पातं ज्या तिरक्या भागावर टेकतं त्याच्या) मागचं पितळी चाक फिरवा. त्याच्या खाचेत एक इंग्रजी वायच्या आकाराची दांडी अडकलेली असते, तीच पातं खालीवर करते. जुन्या रंध्यांत ती एकसंध ओतीव असायची. नंतरच्या काळात पत्र्याचे दोन भाग दाबून एकत्र केलेली आली. ओतीव असेल तर रंधा चांगल्या काळातला समजा. पत्र्याची असली तरी चालतो, पण चाक बराच वेळ नुसतं मोकळं फिरतं आणि मग पातं हलतं. मुठीवरूनही काळ कळतो. आधी रोझवूड, मग रंगवलेलं बीच, शेवटी प्लास्टिक. तुमच्या मुठीचं टोक तुटलंय त्याची चिंता नको, लाकूड आहे, ते सांधता येतं. मुठीतले बोल्ट आणि त्यांचे पितळी नट जागेवर आहेत का, ते मात्र नक्की बघा. स्टॅनलीच्या या बोल्टचा आटा 12-20 या खास मापाचा असतो आणि रेकॉर्डचाही मेट्रिक नाही. हरवला असेल तर पुण्यातल्या कुठल्याच हार्डवेअरवाल्याकडे जोडीचा मिळणार नाही, आणि 6 मिलिमीटरचा ठोकून बसवलात तर आतले आटेच जातील.

पात्याची सपाट बाजू धारेपासून अर्ध्या इंचात बघा. वरवरचा लाल गंज निघतो. खड्डे पडले असतील तर धार त्या खड्ड्यापाशी तुटकीच राहणार, मग पात्याचे वेगळे पैसे धरून भाव करा. नवं पातं घेताना जाडी विचारा. मूळ पातं सुमारे दोन मिलिमीटरचं असतं. हल्ली मिळणारी तीन मिलिमीटरची जाड पाती छान चालतात, पण बऱ्याचदा तोंड कानशीने वाढवावं लागतं.

शेवटी पट्टी तळावर उभी धरून उजेडाकडे बघा, लांबीत, आडवी आणि दोन्ही कर्णांत. पुढचं टोक, तोंडाची कड आणि मागचं टोक पट्टीला एका वेळी टेकलं की झालं. मधे कुठे दोन-तीन थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) खोलगट भाग असला तरी बिघडत नाही. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासलं की जमतं. पण तोंडाच्या कडेलाच उजेड दिसत असेल तर घासण्यात जीव जाईल.

नव्या देशी रंध्याला मी वाईट म्हणणार नाही. ओतकाम बरं असतं, पण त्या किमतीत मशिनिंगला फार वेळ देणं कुणालाच परवडत नाही. फ्रॉगची बैठक खडबडीत, कॅप आयर्न (पात्यावर बसणारी दुसरी पट्टी) पात्याला नीट टेकलेली नाही, तळ थोडा पिळलेला, हे दुरुस्त करायची तयारी ठेवूनच घ्यावा. म्हणजे कष्ट दोन्हीकडे आहेत, आणि कष्टांच्या शेवटी जुना रेकॉर्ड जास्त चांगला रंधा असतो. परदेशी नव्यांत अमेरिकेतल्या मेन राज्यातला ली-नीलसन आणि कॅनडातला व्हेरिटास हे खरोखर उत्तम. त्यांचं अंग डक्टाइल आयर्नचं, पडलं तरी सहसा तडकत नाही. खोक्यातून काढा, पातं जरा पाजळा, लाकडावर धरा. पण आणवायचा खर्च आणि ड्युटी धरली की तुमचं सगळं बजेट एका रंध्यात संपून वर उधारी होईल. बाकड्यासाठी त्याची गरज नाही.

पटाशांबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. मार्पल्स हे शेफील्डचं 1828 पासूनचं घराणं, जुन्या पटाशीवर तीन पानांच्या शॅमरॉकचा छाप दिसेल. पण रेकॉर्ड काय आणि मार्पल्स काय, ही नावं पुढे विकली गेली, आयर्विनकडे आली. नाव तेच राहतं, कारखाना बदलतो, पोलाद बदलतं. म्हणून पटाशीच्या बाबतीत छापावर विसंबू नका. सोबत एक बारीक कानस ठेवा आणि धारेजवळ कडेला हलकेच चालवून बघा. कानस घसरली तर पोलाद कडक आहे. कानशीने सहज भुगा पडला तर पाणी उतरलंय, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेलाय, कुणीतरी ग्राइंडरवर निळी करून ठेवली असणार. मग छाप कोणताही असो, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. चांगल्या पटाशीचा कडकपणा 58 ते 62 रॉकवेल (कडकपणा मोजायचं माप) असतो. तुमच्या कामात हे जास्त महत्त्वाचं, कारण सागात सिलिका असते. सागवानावर मऊ पटाशीची धार चौरंगाचं एक साल, म्हणजे सांध्याची चौकोनी खाच, पडेपर्यंतही टिकत नाही. नव्यांत घ्यायच्या तर चेक देशातल्या नारेक्सच्या पटाशा सुमारे 59 च्या असतात आणि पैशाच्या मानाने फार चांगल्या. सेट घेऊ नका. दोन सूत, चार सूत आणि इंची, एवढ्यावर बाकडं होतं.

पकडीसाठी तापारिया. कारखाना आमच्या सातपूरला आहे म्हणून सांगत नाही. साठच्या दशकात स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने सुरू झालेलं हे काम आहे, आणि त्या किमतीला त्या तोडीची पक्कड मला दुसरीकडे दिसलेली नाही. आठ इंची घ्या. दुकानात जबडे मिटून उजेडाकडे धरा, कापायच्या धारांमधून उजेड दिसता कामा नये. जबडे आडवे हलवून बघा, रिबिटीत खेळ नको. पातळ कागद कापून बघितलात तर आणखी उत्तम. खात्रीच्या दुकानातून बिलावर घ्या. जर्मनीतल्या व्हुपर्टालची क्निपेक्स, 1882 पासूनची, हिच्याहून सरस आहे यात वाद नाही. तिची कापायची धार वेगळी कडक केलेली असते, टणक तारेनेही खड्डा पडत नाही. ज्या वायरमनचा दिवस तारा कापण्यात जातो त्याचे ते पैसे वसूल होतात. घरच्या वापराला दहापट किंमत मोजून काय मिळणार? एक मात्र लक्षात ठेवा, जुन्या पकडीवरचं सुकलेलं, चिरलेलं प्लास्टिक बघून तिने विजेचं काम कधीही करू नका. त्या कामाच्या पकडीवर दोन त्रिकोणांची खूण आणि 1000 व्होल्ट असं कोरलेलं असतं.

देवरुखचा_सुतार

सातपूरच्या काकांनी सगळं नीट सांगितलंय. ताई, मी तुमच्या तुळयांबद्दल सांगतो. वाड्याची तुळई म्हणजे आत खिळे असणारच, डोकं मोडलेले आणि वरून रंग दिलेले. रंधा लावायच्या आधी जोरदार लोहचुंबक दोऱ्याला बांधून सगळ्या बाजूंनी फिरवा. जिथे ओढ लागेल तिथे खडूने खूण करा आणि छोट्या छिन्नीने खणून खिळा काढा. एक खिळा राहिला तर पात्याला असा दात पडतो की धार परत आणायला अख्खी दुपार जाते, मग पातं शेफील्डचं असो की कुठलंही. वरचा मळकट थर आधी जुन्या, हलक्या रंध्याने काढा. त्यात माती आणि चुना बसलेला असतो.

आम्ही अजून लाकडी रंधा वापरतो. बाभळीचा नाहीतर शिसवाचा ठोकळा, आत पातं आणि वरून पाचर. पातं विकत, बाकीचा घरी केलेला. लाकडावर लाकूड घसरतं ते फार हलकं जातं, दिवसभर काम केलं तरी खांदा भरत नाही. बारीक सेटिंगला लोखंडी बरा, हे मान्य. पैसे उरले तर एक लाकडी करून घ्या, पहिला जाड हात मारायला तोच बरा पडतो.

मार्पल्सच्या पटाशांना मूठ बदलायची तर बाभूळ वापरा. मुठीत आधी निमुळतं भोक पाडायचं, मग शेपटाचं टोक जरा तापवून बसवायचं. पात्याला ओलं फडकं गुंडाळून ठेवा, नाहीतर उष्णता वर चढते आणि धारेचं पाणी उतरतं. आणि पावसाळ्यात पेटीत कापराच्या वड्या ठेवा. आमच्याकडे कोकणात जून लागला की एका रात्रीत रंध्यावर लाली चढते. कापूर आणि मशीन ऑइलचं फडकं, एवढ्यावर आमचं निभावतं.

आनंद_लीड्स

वैदेही, मी यॉर्कशरमध्ये राहतो, शेफील्ड इथून जवळ आहे. इकडे रविवारी मैदानात जुन्या वस्तूंची विक्री भरते, तिथे रेकॉर्डचे 04 आणि 05 अजूनही सर्रास दिसतात. बऱ्या अवस्थेतला पंधरा ते पंचवीस पौंडांना जातो. म्हणजे दोन हजार हा भाव रास्त आहे, अडीचला घेऊ नकोस. शेफील्डच्या केलम आयलंड म्युझियममध्ये केन हॉली या संग्राहकाने जमवलेला अवजारांचा मोठा संग्रह आहे. पटाश्या, कानशी, करवती ओळीने मांडलेल्या बघून या गावाने जगाला काय पुरवलं ते कळतं. कुणी इकडे आलं तर जरूर बघावं.

कंपन्या विकल्या जाण्याबद्दल काकांनी लिहिलंय ते स्वीडनलाही लागू आहे. स्क्रू पान्याला आजचं रूप देणाऱ्या योहानसनची बाहको नव्वदच्या दशकात सँडविककडे गेली आणि 1999 मध्ये अमेरिकेच्या स्नॅप-ऑनकडे. म्हणून सँडविकच्या करवतींवरचा मासा आणि गळ आता बाहकोच्या मालावर दिसतो. माल मात्र अजून चांगला आहे. मालक बदलला की दर्जा घसरतोच असं नाही, एवढंच सुचवायचं होतं.

वैदेही_धायरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत गेले, पट्टी, कानस आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन. रंधा एकोणीसशेला मिळाला. तोंडाशी चीर नाही, टिचकीला छान वाजतो, वायची दांडी ओतीव आहे, बोल्ट दोन्ही जागेवर. तळ तोंडाच्या मागे किंचित खोलगट, पण तीनही जागा पट्टीला टेकतात. चार सुताच्या पटाशीवर कानस घसरली, ती घेतली. इंची पटाशीवर भुगा पडला, ती ठेवून दिली. आज पक्कड आणि पान्यांचा सेटही आणला. चुंबक फिरवल्यावर एकाच तुळईत नऊ खिळे सापडले. देवरुखच्या दादांचे विशेष आभार, मी थेट रंधाच लावणार होते.

आता करवत राहिली. बाजारात गंजलेली एक जुनी स्पिअर अँड जॅक्सन आहे आणि दुकानात प्लास्टिक मुठीची नवी मिळते. धार लावायला मला येत नाही, पण शिकायची इच्छा आहे.

टूलरूम_सातपूर

छान खरेदी केलीत. एकोणीसशे अगदी योग्य.

दुकानातल्या बहुतेक नव्या करवतींचे दात टोकाला काळपट-निळे दिसतात. ते इंडक्शनने (विजेने तापवून) कडक केलेले असतात, कानस त्यांना लागतच नाही. आधी मस्त चालतात, बोथट झाल्या की टाकूनच द्याव्या लागतात. प्लायवूडसाठी एक असू द्या, प्लायचा गोंद दात फार खातो. सागासाठी आणि शिकण्यासाठी जुनी घ्या. टोक धरून पातं हलकेच कमानीसारखं वाकवा आणि सोडा. सरळ परत आलं तर पोलाद चांगलं. वाक राहिला किंवा मधे कुठे चुरगळल्याचा वण दिसला तर नको. मुठीजवळचे दात कमी वापरात येतात, त्यांच्यावरून मूळ आकार कळतो. टोकाकडे पातं अगदी अरुंद झालं असेल तर घासून घासून आयुष्य संपलंय असं समजा.

कानस तिकोनी घ्या, जेके फाइल्सची. रत्नागिरी आणि चिपळूणला त्यांचे कारखाने आहेत आणि घराजवळच्या हार्डवेअरवाल्याकडेही मिळते. कानशीची बाजू दाताच्या उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त रुंद असावी, म्हणजे तिन्ही कडा सारख्या वापरल्या जातात.

करवत दोन फळ्यांमध्ये दातांच्या अगदी खाली आवळा, नाहीतर ती थरथरते आणि कानस किंचाळते. आधी सपाट कानस सगळ्या दातांच्या टोकांवरून एकदा फिरवा, प्रत्येक टोकावर चमकणारा ठिपका दिसला पाहिजे. उभं चिरायची करवत असेल तर तिकोनी कानस पात्याला काटकोनात धरायची. आडवं कापायची असेल तर थोडी तिरकी, आणि एक दात सोडून एक घासायचा. पुढे जाताना दाबायचं, मागे आणताना उचलायचं. चमकता ठिपका अर्धा गेला की पुढच्या दाताकडे वळा. एका बाजूचे सगळे झाले की करवत फिरवून धरा आणि राहिलेले दात त्या बाजूने घासा, म्हणजे उरलेला ठिपका जाईल. करवत घेतलीत की दातांचा जवळून काढलेला फोटो इथे टाका, उभ्याची की आडव्याची ते सांगतो.